नागोबाचे घर कोठे?

श्रावण शुद्ध पंचमीचा दिवस उजाडला की महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत पाटावर अथवा भिंतीवर गंधाने वा हळदीने नागाची आकृती रेखाटली जाते. दूर्वा, आघाडा, लाह्या आणि दूध यांनी तिची पूजा होते. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, विळी-सुरी चालत नाही, शेतात नांगर धरला जात नाही. देशावर पुरणाची दिंडे उकडतात, कोकणात हळदीच्या पानांतील पातोळ्यांचा सुगंध दरवळतो. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधले जातात. या सर्व धांदलीत घरोघरची लहान मुले मोठ्यांना काही अगदी साधे प्रश्न विचारीत असतात. नागोबा राहतो कोठे? तो खातो काय? तो आपल्याकडे का येतो? आणि आपण मोठी माणसे बहुधा ‘हात जोड, आणि पुढे हो’ एवढेच सांगून मोकळे होतो.

हे प्रश्न टाळण्याजोगे नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. किंबहुना, ज्या देवतेला आपण हात जोडावयास शिकवितो, तिचे घर, तिचे अन्न आणि तिचा स्वभाव मुलाला सांगणे हा पूजेचाच एक भाग आहे. नागपंचमी ही प्राणी आणि त्यांची निवासस्थाने यांची ओळख करून देणारी आपल्या घरातील पहिली शाळा आहे. पण आज त्या शाळेत घंटा तेवढी वाजते, धडा मात्र होत नाही.

आजच्या मुलांना प्राण्यांची माहिती नसते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या चित्रमय पुस्तकांत सिंह असतो, जिराफ असतो, बर्फावरचे पांढरे अस्वल असते. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आल्यापासून तो पक्षीही शहरातील मुलांच्या परिचयाचा झाला आहे. यात वाईट काहीच नाही. परंतु आफ्रिकेतील जिराफ कोणत्या झाडाचा पाला खातो हे सांगणाऱ्या मुलाला आपल्या परसातील धामण आणि नाग यांतील भेद ठाऊक नसतो. शाळेत ‘परिसर अभ्यास’ हा विषय तिसरीपासून स्वतंत्रपणे सुरू होतो; परंतु भीती, किळस आणि माया या गोष्टी मुलाच्या मनात त्यापूर्वीच रुजलेल्या असतात. त्या रुजतात घरात, आणि त्यातही सणावारी, आजीच्या गोष्टींतून. म्हणून ही जबाबदारी शाळेवर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

हा प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचा असता तर आम्ही एवढ्या आग्रहाने लिहिले नसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाचा अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांत घडले होते. ज्या श्रावणात आपण नागाची पूजा करतो, तोच श्रावण खेड्यापाड्यांतील मुलांच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचा असतो. पावसाने बिळे भरतात, बेडूक आणि उंदीर घराच्या आसऱ्याला येतात, त्यांच्या मागोमाग सापही येतो. आणि अंधारात अनवाणी चालणारे एखादे पाऊल त्याच्यावर पडते. ज्या मुलाला साप कोठे असतो हे ठाऊक आहे ते पाऊल जपून टाकते. ज्याला केवळ भीतीच ठाऊक आहे ते दगड उचलते. आणि ज्याला केवळ भक्तीच ठाऊक आहे ते कदाचित हात पुढे करते. भीती आणि भक्ती या दोहोंना ज्ञानाची जोड हवी ती याकरिताच.

ही जोड बाहेरून आणावयास नको. ती आपल्या सणाच्या कहाणीतच आहे. नागपंचमीची कहाणी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शेतकरी नांगर धरतो, त्याच्या शेतातील वारुळाला फाळ लागतो, आत नागिणीची पिले असतात ती मरतात. संतापलेली नागीण शेतकऱ्याच्या घराला दंश करीत सुटते आणि शेवटी त्याच्या सासरी असलेल्या मुलीकडे पोहोचते. ती मुलगी मात्र पाटावर नाग-नागीण काढून पूजेत रमलेली असते. ते पाहून नागिणीचा राग निवतो, आणि मुलीचे माहेर पुन्हा जिवंत होते.

ही कहाणी सांगताना आपण सारा भर नागिणीच्या कोपावर आणि मुलीच्या व्रतावर देतो. परंतु कहाणीचे मूळ कारण काय आहे? कोणी कोणाचा द्वेष केला म्हणून हा अनर्थ घडला नाही. शेतकरी दुष्ट नव्हता, नागीणही दुष्ट नव्हती. एकाचे शेत हेच दुसऱ्याचे घर होते, आणि ते शेतकऱ्याच्या ध्यानात आले नाही, एवढेच. प्राण्यांच्या निवासस्थानाचा याहून सोपा, याहून हृदयाला भिडणारा पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात असेल? कहाणी संपल्यावर मुलाला एवढेच विचारावे : ‘ते शेत कोणाचे होते?’ मूल क्षणभर थांबेल आणि म्हणेल, ‘दोघांचे.’ त्या एका उत्तरात सारे काही येऊन जाते.

नागपंचमीचे नियमही याच दृष्टीने मुलांना समजावून देता येतील. खणू नये, नांगरू नये, कापू नये. आमच्या पूर्वजांना आधुनिक प्राणिशास्त्र अवगत होते असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा करून सणाची प्रतिष्ठा वाढते असेही आम्हांस वाटत नाही. परंतु पावसाळ्याच्या ऐन भरात, वर्षातून एक दिवस तरी, जमिनीखालच्या जिवांना धक्का लागू नये म्हणून माणसाने आपली अवजारे खाली ठेवावीत, हा विचार मोठा आहे. या नियमाला निसर्गाच्या वेळापत्रकाचीही साथ मिळते. नागीण साधारणतः एप्रिल ते जुलै या काळात दहा ते तीस अंडी घालते, त्यांच्याजवळ राखण करीत राहते, आणि सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. म्हणजे श्रावणात बिळांमध्ये खरोखरच बाळंतपणे झालेली असतात. ही गोष्ट सांगितली तर ‘आज खणायचे नाही’ हा नियम मुलाला जाचक वाटणार नाही. ज्या घरात नुकतेच मूल झाले आहे तेथे गडबड करू नये, हे त्याला उपजतच कळते.

आता वारुळाची गोष्ट. वारूळ नाग बांधीत नाही. ते बांधते वाळवी, मातीचा कण नि कण आपल्या लाळेने सांधून. आत असंख्य पोकळ्या आणि वाटा असतात. बाहेर वैशाखाचे ऊन तापत असले तरी आतला गारवा आणि ओल बऱ्याच अंशी टिकून राहते. अशा या तयार घरात उंदीर शिरतो, सरडा शिरतो, विंचू शिरतो आणि त्यांच्या मागे नागही शिरतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण आळशी माणसाला टोचण्यासाठी वापरतो. परंतु ती मुळात एका चांगल्या निरीक्षकाने केलेली नोंद आहे. आपल्या भाषेत असे कितीतरी प्राणिशास्त्र विखुरलेले आहे. ते वेचून मुलाच्या ओंजळीत घालावयास कोणत्याही पदवीची गरज नाही.

जसे खरे सांगावयाचे तसे खोटे सांगणे थांबवावयासही हवे. नाग दूध पीत नाही. तो मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक, पाखरे आणि प्रसंगी दुसरे साप हे त्याचे अन्न. दूध पचविण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. गारुडी पूर्वी सणाच्या आधी नाग पकडून आणीत, त्यांचे विषदंत उपटीत, काही वेळा तोंडही शिवीत, आणि कित्येक दिवस त्यांना पाण्यावाचून ठेवीत. तहानेने व्याकूळ झालेला तो जीव समोर येईल ते ओठी लावी, आणि आपण म्हणत असू की नागोबाने नैवेद्य घेतला. त्या दुधाने अनेक नाग पुढे आजारी पडून मरत. नागाला बाह्य कान नसतात. जमिनीतून येणारा कंप त्याला फार चांगला कळतो. पण फणा काढून तो डोलतो ते पुंगीच्या सुरावर नव्हे, तर पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून. आणि मारणाऱ्याचे चित्र डोळ्यांत साठवून सूड घेत फिरणे हे तर त्याच्या मेंदूच्या कुवतीबाहेरचे आहे. पडद्यावरच्या नागिणी या पडद्यावरच राहू द्याव्यात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे, बाळगणे व त्याचे खेळ करणे यांस बंदी आहे, आणि २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने नागाला या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, संरक्षण मिळाले आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे जिवंत नागांच्या पूजेची व मिरवणुकीची जुनी परंपरा होती. कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती बंद पडली व प्रतिमापूजन सुरू झाले. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने मर्यादित संख्येने नाग पकडण्यास तेथे परवानगी दिली. त्या गावाचे नागावरील प्रेम खरे आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ‘शैक्षणिक’ हा शब्द आला की आमचा प्रश्न एकच राहतो : मुलाने त्यातून काय शिकावे? हातात धरलेला नाग पाहून मूल नागाचा आकार शिकेल, पकडणाऱ्याचे धाडसही शिकेल; नागाचे जगणे मात्र शिकणार नाही. जो प्राणी आपल्या घरातून उचलून आणला आहे तो त्या घराविषयी काय सांगणार? आणि धाडसाचे अनुकरण करण्याची मुलांची हौस किती महागात पडू शकते, हे सांगावयास नको.

यावर काही भाविक मंडळी म्हणतील की, असे सारे उकलून सांगितले तर मुलांच्या मनातील श्रद्धा राहील काय? नाग दूध पीत नाही म्हटले की मग पूजा तरी कशाला, असे ती विचारतील. ही शंका आम्ही हलकी मानीत नाही. ती प्रामाणिक आहे. परंतु तिचे उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे सर्पसत्र येते. पिता परीक्षित तक्षकाच्या दंशाने गेला म्हणून त्याने पृथ्वीवरील यच्चयावत सर्प अग्नीत होमावयास आरंभ केला. तो यज्ञ थांबविला कोणी? आस्तिकाने. आणि आस्तिक वयाने बाल होता. हा बालक असूनही वृद्धासारखे बोलतो, याचे खुद्द जनमेजयाला आश्चर्य वाटले. परंपरेने या यज्ञाच्या समाप्तीचा दिवस म्हणून पंचमीच मानली आहे. परीक्षिताला दंश झाला तो शृंगी ऋषीच्या शापाने, हे खरे. पण त्याही आधी, त्याच आदिपर्वात, खांडववन जळाले होते, आणि ते वन तक्षकाचे घर होते. त्या आगीत त्याची पत्नी गेली. वन आधी जळते आणि वैर मागून येते, हा क्रम व्यासांनी आपल्यापुढे ठेवला आहे. कालियाची कथाही अशीच. श्रीकृष्णाने त्याला ठार केले नाही. यमुनेचा डोह हे तुझे स्थान नव्हे, तू समुद्राकडे जा, असे त्याला सांगितले आणि गरुडापासून अभय दिले. ज्याचे त्याला स्थान देणे म्हणजे न्याय, हेच या कथांचे सार आहे. ज्या श्रद्धेने एका बालकाच्या तोंडून सर्पांना अभय मिळवून दिले, ती श्रद्धा बालकाच्या ज्ञानाने मोडेल असे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. भारतात सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांची नावे मुलांना पाठ हवीत, आणि नावांबरोबर पत्तेही. नाग उंदराच्या बिळात, वारुळात, धान्याच्या कोठारापाशी. मण्यार दिवसा विटांच्या ढिगात लपते आणि रात्री बाहेर पडते. जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात ती शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. घोणस गवतात, झुडपांत, पिकाच्या कडेला निश्चल पडून राहते. फुरसे खडकाळ माळावर, दगडांखाली; कोकणच्या माणसाला त्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. हे पत्ते ठाऊक असले की नियम आपोआप सुचतात. दगडाखाली हात घालू नये. रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये. पायांत वहाणा असाव्यात. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजावे. गवतातून जाताना जुनी माणसे काठी आपटीत चालत. तो कंप सापाला कळतो आणि तो स्वतःच बाजूला होतो.

आणि इतके करूनही दंश झालाच, तर जखम चिरू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. मांत्रिकाकडे जाण्यात घटका घालवू नये. अंग हलू न देता तडक रुग्णालय गाठावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष हाच त्यावरचा उपाय. आपल्याकडील प्रतिविष घोड्यांना विषाची अल्प मात्रा देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेल्या द्रव्यापासून बनविले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घकाळ जोडलेले आहे. सापाच्या दंशातून माणसाचे मूल घोड्याच्या रक्ताने वाचते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. जीवसृष्टीत कोण कोणाच्या उपयोगी पडेल याचा नेम नाही, हे त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

नागपंचमीला सुरू झालेला हा पाठ वर्षभर चालू ठेवता येतो. महिन्याभरात गणराय येतात, त्यांच्या पायाशी मूषक असतो. ज्या शेतात उंदीर माजतात तेथे धान्य उरत नाही, आणि उंदरांना आवर घालणाऱ्यांत नाग व धामण अग्रेसर आहेत. गणपतीचा उंदीर आणि शंकराचा नाग एकाच कुटुंबात नांदतात, त्याप्रमाणे शेतातही दोघांना आपापली जागा आहे. पोळ्याला बैल, पितृपक्षात कावळा, वसुबारसेला गाय-वासरू. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला नमस्कार करताना कूर्मावताराबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचेही नाव घ्यावे. तेथे २००२ सालापासून समुद्रकासवांच्या अंड्यांची राखण होत आली आहे. पूर्वी जी अंडी चोरीस जात त्यांतून आज पिले समुद्राकडे धावतात आणि ती पाहावयास दूरदूरची मुले जमतात. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला आणि काठावरचाही, वराह चिखलातला व रानातला. दशावताराच्या पहिल्या तीन पायऱ्या मुलाला तीन वेगळ्या घरांच्या दारांशी नेऊन उभ्या करतात.

म्हणून यंदाच्या पंचमीला आम्ही घरोघरच्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, काही लहानशा विनंत्या करू इच्छितो. भिंतीवर नाग काढताना खडू अथवा गंध मुलाच्या हाती द्यावे. नागाबरोबर वारूळ, वारुळाशेजारी उंदीर, उंदरापाशी भाताचे लोंबर आणि डबक्यातला बेडूकही त्याला काढू द्यावा. चित्र वेडेवाकडे झाले तरी हरकत नाही. दुधाचा नैवेद्य प्रतिमेला दाखवावा आणि प्रसाद म्हणून मुलांनाच द्यावा. दारी टोपली घेऊन कोणी आला तर त्याला शिधा द्यावा, नागदर्शनाचे पैसे मात्र देऊ नयेत. गावाबाहेर वारूळ असेल तर मुलांना दुरून दाखवावे, त्याला छिद्रे पाडू नयेत, त्यात दूध ओतू नये. घरात साप निघाला तर काठी न शोधता वनखात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास कळवावे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक दाराआड लिहून ठेवावा. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी सवड काढून कात्रजचे सर्पोद्यान मुलांना अवश्य दाखवावे.

गावे वाढत आहेत, माळ नांगरले जात आहेत, ओढ्याकाठची झुडपे तोडून तेथे भिंती उभ्या राहत आहेत. ज्यांनी आज पाटासमोर हात जोडले आहेत तीच मुले उद्या शेते नांगरतील, घरांचे आराखडे आखतील, रस्त्यांना मंजुरी देतील. त्या वेळी फाळ कोठे थांबवावयाचा हे त्यांना कोणत्या कायद्याने शिकविले असेल, आम्ही सांगू शकत नाही. परंतु लहानपणी एका श्रावणात आपल्या हाताने त्यांनी वारूळ काढले असेल, तर जमिनीखाली कोणाचे तरी घर असू शकते ही जाणीव त्यांच्या मनात राहील. ती जाणीव जागी ठेवणे, हेच आम्हांस या सणाचे खरे पूजन वाटते.